राग येत नाही ही तक्रार

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात नागपूरच्या इतवारीतली माणसं दुपार झाली की माणसांसारखी वागत नव्हती. कोणी ओलं पंचं डोक्यावर टाकून बसे, कोणी नळाखाली डोकं घाली ते बाहेर काढायलाच विसरे. कुत्री नालीत पोट टेकवून पडत. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत कुलरच्या तोंडाशी कोणी बसायचं यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होई. अशा उन्हात नत्थूजी उमरेडकरांच्या पत्नी सत्यवतीबाई लोकरीची शाल पांघरून, पाय पोटाशी घेऊन, पंखा बंद करून बसलेल्या असत.

"पंखा लावू का वं?" नत्थूजी विचारत. घामानं त्यांची बंडी अंगाला चिकटलेली असे.

सत्यवतीबाई त्यांच्याकडे बघत. उत्तर आतून निघून तोंडापर्यंत यायला वेळ लागे. मग खोल, घोगऱ्या आवाजात त्या म्हणत, "थंडी वाजून राहिली."

नत्थूजी एकदा शालीकडे बघत, एकदा पंख्याकडे बघत, आणि मुकाट्यानं गॅलरीतल्या झळा खायला जात.

ज्यांनी सत्यवतीबाईंना पूर्वी पाहिलं होतं, त्यांना हे खरं वाटलं नसतं. बाईंचं माहेर भिवापूरचं. तिथली मिरची साऱ्या विदर्भात नावाजलेली, आणि तिथून मुलगी करून आणताना घरातल्या मोठ्यांनी जरा विचार करायला हवा होता, असं नत्थूजी लग्नानंतर पुष्कळदा म्हणाले होते; अर्थात बाई घरात नसताना. दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन त्या त्याच्या लुगड्यांच्या दुकानात जात आणि डबा रिकामा होईपर्यंत गादीवर बसत. तेवढ्या वेळात भंडाऱ्याचे, गोंदियाचे व्यापारी लुगड्यांचा भाव पाडायला आले, तर पाणी पिऊन परत जात. महापालिकेचा नळवाला, दूधवाला, लेक पुष्पलताच्या शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांना बाईंनी कधी ना कधी उभं-आडवं घेतलं होतं. त्या रागावल्या की आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी पोचे. चालणंही तसंच. पुढे त्या आणि मागे धापा टाकत नत्थूजी, अशी ती वरात सगळ्या इतवारीच्या ओळखीची होती.

मग बाई मंदावल्या. इतक्या हळूहळू की कोणाच्या ध्यानात आलं नाही. जिना चढताना मध्येच थांबू लागल्या. बोलता बोलता शब्द शोधू लागल्या. चेहरा सुजल्यासारखा झाला, केस कंगव्यात यायला लागले, आणि भुवयांची बाहेरची अर्धी बाजू कोणी पुसून न्यावी तशी नाहीशी झाली. जेवण अर्धं झालं आणि वजन वाढत गेलं. दुपारी बसल्या जागी झोप लागायची, ती बसूनच लागायची.

घरातल्यांनी आधी त्याला आळस म्हटलं. मग वय म्हटलं. दुकानात मात्र वेगळंच घडलं. गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं लुगड्यांच्या गाठीचा शेवटचा भाव विचारला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. व्यापारी चुळबुळला, स्वतःच थोडा वर चढला. बाई बघत राहिल्या. तो आणखी चढला. त्या भावात नत्थूजींची लुगडी आजवर कधी गेली नव्हती. व्यापारी गेल्यावर बाईंनी विचारलं, "काय म्हणत होता तो?"

खरी गंमत केली ती समोरच्या घरातल्या रुखमाबाईंनी. त्यांचं सोमवारचं भजनी मंडळ होतं. मंडळात वीसेक बायका होत्या, दोन सूर गेलेली एक हार्मोनियम होती, पण चमत्कार एकही नव्हता. महाल भागातल्या मंडळाकडे हिमालयात राहून आलेली एक बाई होती, त्याचं रुखमाबाईंना फार लागे. अशात एका सोमवारी भजन टिपेला पोचलं, झांजा कान फोडायला लागल्या, आणि भिंतीला टेकलेल्या सत्यवतीबाई डोळे मिटून, चेहऱ्यावरची रेषा न हलवता बसून राहिल्या. त्या गाढ झोपल्या होत्या. रुखमाबाईंनी हात वर करून भजन थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, "समाधी लागून राहिली."

त्यानंतर सगळंच जुळत गेलं. बाई रागावत नाहीत, कारण क्रोध जिंकला. खात नाहीत, कारण वासना गेली. नागपूरच्या उन्हात शाल पांघरतात, कारण देहाचं भान उरलं नाही. आवाज खोल झाला, तोही आतूनच कुठून तरी येतो म्हणून. बायका पाया पडायला लागल्या. पहिल्यांदा कोणी वाकलं तेव्हा बाईंना पाय मागे घ्यायचे होते. पण ते मागे घेईपर्यंत ती बाई नमस्कार करून घरी पोचली होती. जुन्या मंगळवारी पेठेतल्या तुळसाबाई पोरीचं लग्न जमत नाही म्हणून आल्या. सत्यवतीबाईंनी आशीर्वादाला हात उचलला, आणि तो त्यांच्या डोक्यावर टेकवल्यावर त्यांना डुलकी लागली. हात बराच वेळ डोक्यावरच राहिला. पुढच्याच महिन्यात लग्न जमलं. मग काय विचारता, घरात नारळ ठेवायला जागा उरली नाही. नत्थूजी रोज नारळाची चटणी खाऊन कंटाळले.

बाईंना स्वतःला काय वाटत होतं, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर येईपर्यंत कोणी थांबलं नसतं. त्यांना वाटत होतं की आपण एका मोठ्या ओल्या गोधडीच्या आत आहोत आणि जग बाहेर आहे. कोणी नमस्कार केला काय आणि आळशी म्हटलं काय, दोन्ही त्या गोधडीवरूनच ओघळून जायचं.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण त्या मे महिन्यात नत्थूजींना उन्हाळी गळू झालं, आणि तेही बसायच्या जागी. रिक्षात बसणं शक्य नव्हतं, म्हणून इतवारीतले घरचे डॉक्टर मधुकरराव बॅग घेऊन घरी आले. म्हातारा गृहस्थ, तिरसट, बाटलीतल्या लाल औषधावर त्यानं अर्धी इतवारी जगवली होती. ते दारात शिरले तर समोर शाल, शालीत सत्यवतीबाई, आणि पुढे दोन बायका पदर पसरून वाकलेल्या. मधुकरराव त्यांच्या मागे उभे राहिले. बायका उठल्यावर खाली बसले आणि पाया पडण्याऐवजी त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. हात कोरडा, खरखरीत आणि गार होता. नाडी इतक्या सावकाश चालली होती की मधुकररावांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही.

"जीभ दाखवा," ते म्हणाले. मग म्हणाले, "खुर्चीवर गुडघे टेका. तोंड भिंतीकडे."

सत्यवतीबाई पुष्पलताच्या आधारानं खुर्चीवर गुडघे टेकून बसल्या. मधुकररावांनी बॅगेतली रबरी हातोडी काढून टाचेच्या वरच्या शिरेवर टक्कन मारली. पाऊल झटक्यानं ताणलं, आणि मग परत जागेवर यायला निघालं ते रमतगमत आलं.

"पाहिलं?" मधुकरराव म्हणाले. "पाय मागे येताना वाटेत चहा पिऊन आला."

नत्थूजी पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माह्या गळवाचं पाहता का?"

"तुमचं गळू पिकेपर्यंत थांबते. हिचं थांबायचं नाही. ही बाई संत-बिंत काही नाही, नत्थूजी. हिच्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, ती काम करून नाही राहिली. अंगातली भट्टी विझत आली म्हणून थंडी वाजते, म्हणून झोप येते, म्हणून आवाज बसला. धंतोलीत डॉक्टर बाराहाते आहेत, मुंबईहून हेच शिकून आलेत. मी चिठ्ठी देतो, त्यांच्याकडे जा."

पाया पडून गेलेल्या दोन बायका अजून जिन्यातच होत्या. दुपारी चारच्या चहाला ही बातमी साऱ्या गल्लीत झाली.

धंतोलीच्या डॉक्टरांकडे पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. मधुकररावांनी तयारीही सांगून ठेवली. आजवर जे काढे, चूर्णं, मात्रा पोटात गेल्या त्या सगळ्या सोबत न्यायच्या. तेल-पावडर लावायची नाही, आणि पुष्पलता आईला काजळानं भुवया काढून देत असे, त्या तर मुळीच काढायच्या नाहीत. आजार सुरू व्हायच्या आधीचा, चेहरा नीट दिसेल असा एक फोटो न्यायचा. "आणि सगळं सांगायचं," मधुकरराव म्हणाले. "पोटाचं, पाळीचं, सगळं. लाजायचं नाही. नवऱ्यानं बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य नत्थूजींच्या कानात शिरलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरात तालीम सुरू केली. गळू फुटून बरं होत होतं, तरी बसवत नव्हतं. त्यामुळे त्यांनी उभ्यानंच डॉक्टरचं काम घेतलं. गळ्यात टॉवेल अडकवला, जाडा आवाज काढला आणि विचारलं, "काय होते तुम्हाले?"

सत्यवतीबाईंनी तोंड उघडलं.

"थंडी वाजते साहेब," नत्थूजीच म्हणाले. "झोप येते. काम होत नाही. दोन वर्षं झाली."

"बाबा," पुष्पलता म्हणाली, "तुम्ही डॉक्टर की पेशंट?"

"तिले वेळ लागते, म्हणून मदत करून राहिलो."

"तुमच्या मदतीनं ती आहे तशीच घरी येईन आणि डॉक्टर तुम्हालेच गोळ्या देईन."

नत्थूजींनी टॉवेल काढून खुंटीला लावला आणि दुकानात निघून गेले.

पुष्पलता बी.ए.च्या परीक्षेतून नुकतीच मोकळी झाली होती. पण ती आईशी एवढं बोलत होती हेच नवल होतं. जानेवारीपासून मायलेकींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. जानेवारीत वर्ध्याची मंडळी तिला बघायला आली होती. मुलाच्या मामानं तिला खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं, खिडकीशी उभं करून पेपर वाचायला लावला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगी काळी आहे, पण दुकान उजळ आहे." पुष्पलतानं आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा मामा जिन्यावरून खाली जाणार, आणि जिन्यानं जाणार नाही. सत्यवतीबाई हसल्या, आणि त्यांनी मामाला आणखी पोहे वाढले.

आता दुपारी दोघीच घरात होत्या. पुष्पलतानं दार लोटलं आणि आईसमोर मांडी घातली.

"पोट साफ होते का?"

सत्यवतीबाईंनी दाराकडे पाहिलं. "हे बाहेरच्या माणसाले सांगायचं?"

"तो डॉक्टर आहे. त्याले तेच ऐकायचे पैसे मिळतात."

"आठवड्यातून दोनदा. कधी तेही नाही."

"आणि पाळी?"

यावर बाईंनी इतका वेळ घेतला की पुष्पलताला वाटलं झोप लागली. मग त्या खालमानेनं सांगायला लागल्या. किती दिवस चालते, किती जाते, सोमवारच्या भजनाला मध्येच उठावं लागलं तर काय होईल म्हणून दाराजवळच्या भिंतीशीच कसं बसावं लागतं, सगळं. इतक्या महिन्यांत त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. पुष्पलताही ऐकताना खाली बघत राहिली.

"आणखी?" तिनं विचारलं.

"आणखी काही नाही." मग त्या म्हणाल्या, "तो मामा."

"कोणता मामा?"

"वर्ध्याचा. तो काय बोलला ते मले समजलं होतं वं. त्याच घडीले समजलं. राग येईन म्हणून मी वाट पाहत बसली. म्हटलं, आता येईन, मग येईन. तो पोहे खाऊन गेला, टांग्यात बसला, तरी आला नाही." त्यांनी शाल गळ्याशी घट्ट धरली. "लोकं म्हणतात, सत्यवतीनं राग जिंकला. मी कायले जिंकीन? तो माह्याच होता. कुठं गेला ते समजून नाही राहिलं."

पुष्पलता उठली, पाणी पिऊन आली आणि पुन्हा समोर बसली. "हे सांगजो डॉक्टरले."

"हा का रोग आहे?"

"दुसऱ्या कोणासाठी नसेल. तुह्यासाठी आहे."

फोटोचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. लग्नाच्या फोटोत बाईंच्या तोंडावर मुंडावळ्या होत्या आणि वरून नत्थूजींच्या मामांची पगडी आली होती. महाराजबागेतल्या फोटोत सिंह स्पष्ट होता, बाई नव्हत्या. एका बारशाच्या फोटोत त्यांचा फक्त हात आला होता, पण तो निःसंशय त्यांचाच होता, कारण बोट समोरच्या माणसाच्या नाकाशी होतं. पुष्पलतानं ट्रंका उलथ्यापालथ्या केल्या. शेवटी नत्थूजी म्हणाले, "एक आहे," आणि दुकानातल्या गादीखालून एक पाकीट घेऊन आले.

फोटो नत्थूजींच्या पुतणीच्या लग्नातला होता. पंगतीत वरपक्षाच्या कोणा आजोबांनी मुलीच्या बापाला शिवी दिली होती, आणि सत्यवतीबाई हातात वरणाचा पळा घेऊन त्यांच्यापुढे उभ्या होत्या. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं होतं. तोंड उघडं, डोळे मोठे, दोन्ही भुवया पूर्ण आणि कपाळाच्या वर चढलेल्या, गळ्याच्या शिरा ताठ. आजोबांच्या धोतरावर वरण. वरपक्षानं हा फोटो अल्बममधून काढून टाकायला लावला होता. भावानं फाडायला दिला होता, नत्थूजींनी फाडला नव्हता.

"काहून ठेवला?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

नत्थूजींनी डोकं खाजवलं. "चांगला आला आहे म्हणून."

सत्यवतीबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. कोणा नात्यातल्या बाईकडे बघावं तसं, जी गावाला गेली ती परत आलीच नाही.

धंतोलीला जायच्या आदल्या दिवशी रुखमाबाई मंडळातल्या चार बायकांना घेऊन आल्या. चेहरा गंभीर, हातात नारळ. बराच वेळ हवापाण्याचं बोलून मुद्द्यावर आल्या. गुरुपौर्णिमेला मंडळाचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मांडव घालायचा होता, उमरेडहून कीर्तनकार येणार होते, आणि सत्यवतीबाईंना मधोमध पाटावर बसवायचं होतं. पत्रकं छापून झाली होती.

"बरं व्हायले आमची ना नाही," रुखमाबाई म्हणाल्या. "पण गुरुपौर्णिमेनंतर बरी हो ना वं. इतके दिवस थांबली, आणखी महिना-दीड महिना."

पुष्पलता काही बोलणार होती, पण बाईंनी हात वर केला. चार बायकांना वाटलं आशीर्वाद आहे, त्यांनी माना लववल्या.

"रुखमाबाई," सत्यवतीबाई त्यांच्या नव्या खोल आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाल्या, "मले चार दिवसांतून एकदा संडासले होते. ते पत्रकात छापलं का?"

बायकांनी माना वर केल्या. रुखमाबाईंनी नारळ इथे ठेवावा की परत न्यावा, हे ठरवायला थोडा वेळ घेतला, आणि परत नेला.

तरी दुसऱ्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात रुखमाबाई हजर होत्याच. आपल्या संताचं डॉक्टर काय करतो हे बघायला मंडळातलं कोणी तरी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेरच्या खोलीत सगळे पेशंट कुलरकडे तोंड करून बसले होते, सत्यवतीबाई कुलरकडे पाठ करून. सोबत चूर्णांची पिशवी होती. तिच्यातून हिंगाचा आणि कुठल्याशा कुजक्या मुळीचा इतका वास येत होता की दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यामुळे नत्थूजींना ऐसपैस बसता आलं.

डॉक्टर बाराहाते चाळिशीचे, टक्कल पडलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. "काय त्रास होतो?" त्यांनी विचारलं.

"थंडी वाजते," नत्थूजी म्हणाले.

"तुम्हाला?"

"नाही, हिले. झोप येते. वजन वाढलं."

"पाळी कशी येते?" डॉक्टरांनी नत्थूजींकडेच बघून विचारलं.

नत्थूजी उठले, आणि बाहेर जाऊन रुखमाबाईंच्या शेजारी बसले. मग डॉक्टरांनी खुर्ची सत्यवतीबाईंकडे वळवली, पेन खाली ठेवलं आणि थांबले. बाई आठवत होत्या, शब्द शोधत होत्या, अर्धं बोलून गप्प होत होत्या. डॉक्टर मध्ये बोलले नाहीत. या दोन वर्षांत आपलं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलेला हा पहिलाच माणूस, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या सांगत गेल्या. पोटाचं झालं, पाळीचं झालं, केसांचं झालं. अडकल्या तिथे पुष्पलतानं नुसता आईच्या कोपराला हात लावला.

"आणखी काही?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "राग येत नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "म्हणजे?"

"यायले पाहिजे तिथं येत नाही. आधी येत होता. खूप येत होता."

"किती?"

पुष्पलतानं फोटो पुढे केला. बाराहात्यांनी तो हातात घेतला, मग चष्मा काढून जवळ धरला. फोटोतल्या भुवया आणि समोरच्या भुवया, फोटोतले डोळे आणि समोरचे सुजलेले डोळे, असं दोन-तीनदा पाहिलं. धोतरावरचं वरण दिसल्यावर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलं, आणि बाईंना ऐकू येईल असं लिहिता लिहिता म्हटलं, "राग येत नाही. दोन वर्षांपासून."

मग तपासणी झाली. गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांचा कागद काढला. पुन्हा तशीच हातोडी, तशीच खुर्ची. चूर्णांची पिशवी उघडून त्यांनी नाक बाजूला केलं आणि ती तशीच बंद करून टोपलीत टाकली. "मधुकररावांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "रक्त मुंबईला पाठवतो, आकडा येईल. पण मला शंका नाही. गोळी द्यायची आहे, रोज एक, जन्मभर. सुरुवात अगदी थोड्यानं करू, हृदयाला एकदम झेपत नाही. घाई करायची नाही. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि नंतर अर्धा तास चहा नाही."

जन्मभराचं बाईंना काही वाटलं नाही. चहाचं वाटलं. "अर्धा तास?"

"अर्धा तास."

"आणि राग?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू. सगळंच परत येईल. घरच्यांना तयार ठेवा."

मुंबईहून रक्ताचा आकडा आला, तो डॉक्टर म्हणाले तसाच होता. गुरुपौर्णिमेचा मांडव उभा राहिला, पण पाटावर रुखमाबाईंना महालातली हिमालयवाली बाईच बसवावी लागली. तिनं मागणी केली की हार्मोनियम आधी दुरुस्त करून आणा, आणि रुखमाबाईंना ती आणावी लागली. सत्यवतीबाईंच्या पाया पडायला पुढेही काही दिवस बायका येत राहिल्या. आषाढात आवाज मोकळा झाला, श्रावणात शाल ट्रंकेत गेली, गणपतीत बाई जिना न थांबता चढल्या. एका सकाळी गोळी घेऊन त्या चहासाठी अर्धा तास मोजत बसल्या होत्या, तेव्हा तुळसाबाई लेकीच्या सासरचं गाऱ्हाणं घेऊन आल्या आणि पाय धरून बसल्या. बाईंनी या वेळी पाय वेळेवर मागे घेतले. "उठ वं," त्या म्हणाल्या. "पाया कायले पडून राहिली? त्या जावयाचा पत्ता सांग." पुढे जे झालं ते जुन्या मंगळवारीत अजून सांगतात. त्यानंतर नारळ बंद झाले.

नत्थूजींचे हाल सुरू झाले, पण त्यांनी तक्रार केली नाही. गोंदियाचा व्यापारी पुन्हा आला तेव्हा बाईंचा आवाज ऐकून तो दुकानाच्या पायरीवरच थबकला, आणि नत्थूजींनी त्याला समाधानानं पाणी दिलं.

डिसेंबरात पुष्पलताला भंडाऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. तिला सोडायला सगळे एस.टी. स्टँडवर गेले. गाडी भरलेली होती. कंडक्टर म्हणाला, बाई उभी राहील, नाही तर पुढच्या गाडीनं जाईल, आणि वर काहीतरी पुटपुटला. तो काय पुटपुटला ते कोणाला कळलं नाही, पण सत्यवतीबाईंना त्याच घडीला कळलं. त्या ट्रंक तिथेच टाकून गाडीच्या दारात चढल्या, आणि तिथून जे काही बोलल्या ते तिकडे नऊ नंबरच्या फलाटावर उभ्या असलेल्या अमरावतीच्या गाडीतल्या लोकांनीही माना काढून ऐकलं. कंडक्टरनं खिडकीशेजारची एक जागा कुठून तरी पैदा केली, आणि ट्रंकही स्वतः उचलून आत ठेवली. पुष्पलता तीत बसली आणि लाजेनं पदर तोंडाला लावला. गाडी निघाल्यावर बाई खिडकीला धरून थोड्या अंतरापर्यंत तिच्याबरोबर धावत गेल्या, गाडीत थंडी वाजली तर ट्रंकेत स्वेटर आहे हे सांगत. नत्थूजी संत्र्यांच्या गाड्याआड उभे होते. त्यांनी दोन संत्री घेतली, एक सोलली, आणि धापा टाकत परत येणाऱ्या बायकोची वाट बघत राहिले.